बळीच्या मुलखात वामन कुणी वाचलाच नाही

जयंत नारळीकर गेले त्या दिवशी, म्हणजे 20 मे 2025 ला, माझ्या फोनमधल्या एकूण एक ग्रुपवर त्यांचा फोटो होता. शाळेच्या ग्रुपवर, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर, अगदी भावकीच्या ग्रुपवर सुद्धा, जिथं एरवी फक्त लग्नपत्रिका आणि बांधाची भांडणं येतात. मला बरं वाटलं. मग उगं खोड काढायची म्हणून मी विचारलं, की बाबांनो, त्यांची कोणती कादंबरी वाचली तुम्ही? अर्धा तास सामसूम. मग एका सरांनी टाकलं, ‘आकाशाशी जडले नाते’. सर, ती कादंबरी नाहीये. एक जण म्हणला, आपल्याला पुस्तकात धडा होता की त्यांचा. आणि आमचा एक चुलतभाऊ, प्रामाणिक माणूस, त्यानं सरळ विचारलं, ते कादंबऱ्या पण लिहायचे का रं?

आता नारळीकरांची ही गत, तर बाकीच्यांचं काय विचारता. म्हणून हा लेख. माझं म्हणणं असंय की मराठीत ज्या चार-दोन चांगल्या विज्ञान कादंबऱ्या झाल्या, आणि बाहेरच्या भाषांतल्या ज्या आपल्यापर्यंत पोचल्याच नाहीत, त्या मागं पडल्या त्याचं कारण त्या कमअस्सल होत्या हे नाही, त्या चुकीच्या कपाटात ठेवल्या गेल्या हे आहे. आणि दुसरं म्हणजे त्या मराठवाड्यात बसून वाचल्या तर वेगळ्याच दिसतात, पुण्यात बसून दिसतात त्यापेक्षा फार जास्त धारदार. हे दुसरं म्हणणं लोकांना पटत नाही, बघू.

कपाटाचं मी उपमा म्हणून बोलत नाही. मी अंबाजोगाईचा. आद्यकवी मुकुंदराजांचं गाव, चाळीस फुटी कापडावर पासोडी लिहिणाऱ्या दासोपंतांचं गाव, हे आम्ही पाहुण्याला चहा यायच्या आत सांगून टाकतो. मी लहानपणापासून ज्या वाचनालयात जातो तिथं ‘वामन परत न आला’ ही नारळीकरांची कादंबरी मला सापडली ती ‘विज्ञान’ अशी चिठ्ठी डकवलेल्या कपाटात, गोबर गॅसची माहितीपुस्तिका आणि शालेय प्रयोगांचं एक पुस्तक, या दोघांच्या मधात. मागच्या कागदावर शेवटचा शिक्का 1998 चा. कादंबरी वाचणारा माणूस त्या कपाटाकडं जात नाही आणि गोबर गॅसवाला माणूस कादंबरी उचलत नाही, मग ती बिचारी तिथं पंचवीस वर्षं उभी राहिली तर दोष कुणाचा.

या कादंबरीबद्दल जरा सविस्तर बोलतो कारण माझा सगळा मुद्दा तिच्यातच आहे. ऐंशीच्या दशकातली कादंबरी. एका प्रयोगासाठी जमिनीत खोल खणत असताना एक पेटी सापडते, आपल्या आधी कधीतरी होऊन गेलेल्या आणि नष्ट झालेल्या प्रगत संस्कृतीची. तिच्यातल्या माहितीवरून माणसं पुढं एक यंत्रमानव तयार करतात आणि त्याचं नाव ठेवतात वामन. हुशार, नम्र, सांगितलेलं काम करणारा. आणि हळूहळू त्याला स्वतःसारखे आणखी हवे असतात. पुढचं सांगत नाही, वाचायची राहिली असंल त्याची मजा जाईल. पण आज ज्याला त्याला एआय एआय करायची खोड लागलीय, टीव्हीवर रोज कुणीतरी येऊन सांगतंय की यंत्र माणसाच्या हाताबाहेर जाईल का, आणि ही चर्चा करणाऱ्या एकाही मराठी माणसाच्या तोंडी मी या कादंबरीचं नाव ऐकलं नाही. इंग्रजी सिनेमांची नावं मात्र घडाघडा.

बरं, नाव वामन का? सरळ आहे, लहान रूपात येतो आणि तीन पावलात सगळं व्यापतो. पुण्यातल्या वाचकाला एवढं कळून तो पुढच्या पानावर जाईल. पण आमच्याकडं वामन हे नाव इतकं साधं नाही. आमच्या घरी दिवाळीत अजून आजी ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणती, शेतकऱ्याला आम्ही बळीराजा म्हणतो, म्हणजे गोष्टीत आम्ही आधीपासूनच बळीच्या बाजूनं उभे आहोत. वामन म्हणजे ज्यानं आमच्या राजाला पाताळात घातला तो. या नजरेनं ती कादंबरी वाचा, जमिनीतून वर येणारी पेटी, तीन पावलं जागा मागणारं गोड बोलणारं यंत्र, आणि दान देऊन बसलेली माणसं. माझ्या अंगावर काटा आला होता. नारळीकरांच्या मनात हे होतं का? बहुतेक नसावं, किंवा असंलही. पण पुस्तक छापून झालं की ते वाचणाऱ्याचं असतं, आणि हे वाचन करायला बळीचा मुलूख लागतो. आता मला सांगा, जी कादंबरी इथल्या माणसाला इतकी लागू पडते तिच्यावर आमच्याकडं एक परिसंवाद नाही, बीएच्या मुलांना माहिती नाही, प्राध्यापकांनाही नाही. ग्रामीण साहित्यावरची चर्चासत्रं मात्र वर्षाला चार, आणि मी त्यांना जातो, मला ती आवडतात, जेवणही चांगलं असतं, तक्रार त्याबद्दल नाही.

असंच दुसरं पुस्तक, बाहेरचं. कारेल चापेक हा चेक लेखक, ‘रोबो’ हा शब्द जगाला याच्या 1920 च्या नाटकानं दिला, एवढं सामान्यज्ञानवाल्या पोरांना पाठ असतं. पण त्याची 1936 ची कादंबरी आहे, ‘वॉर विथ द न्यूट्स’, ती मी इंग्रजीतून वाचली आणि दोन दिवस डोक्यातून जाईना. गोष्ट अशी की एका जहाजाच्या कप्तानाला समुद्रात सॅलॅमँडरसारखे, दोन पायांवर चालणारे, शिकवलं तर शिकणारे प्राणी सापडतात. आधी त्यांच्याकडून मोती काढून घेतात. मग कंपनी निघते. मग बंदरं बांधायला, बांध घालायला त्यांना लाखांनी विकलं जातं, आणि बाजारात त्यांचे भाव निघतात, दर्जाप्रमाणे, म्हणजे मुकादम दर्जाचे एक भाव, जड कामाचे एक भाव, टोळीचे एक, किरकोळ कामाचे एक, आणि शेवटी टाकाऊ. मी तिथंच थांबलो. बीड जिल्ह्यातल्या माणसाला हे वाचून काय आठवणार? दसरा-दिवाळी झाली की ट्रक भरून माणसं कारखान्याकडं निघतात, मुकादमाची उचल घेतलेली असते, आणि मोजणी माणसांची होत नाही, कोयत्यांची होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असंल तर अर्धा कोयता. चापेकनं ते सगळं विनोदी अंगानं लिहिलंय, वर्तमानपत्राची कात्रणं, कंपनीच्या मीटिंगचे वृत्तांत, असं करत करत, आणि हसता हसता तुम्हाला कळतं की आपण कशावर हसलो. नंतर त्या प्राण्यांची संख्या वाढते, त्यांना उथळ किनारा कमी पडायला लागतो आणि ते जमीन फोडायला लागतात, तोपर्यंत हत्यारं पण आपणच दिलेली असतात.

ऊसतोडीवर मराठीत लिहिलं गेलंय, चांगलं लिहिलं गेलंय. तरी मला हे पुस्तक मराठवाड्याच्या बोलीत कुणीतरी आणावं असं फार वाटतं, नुसतं भाषांतर म्हणून नाही, कारण इथला वाचक त्यात जे वाचेल ते प्रागमधल्या वाचकाला पण दिसणार नाही. आणि एक हिशेब बघा. चेक बोलणारे जगात साधारण एक कोटी. मराठी मातृभाषा असणारे 2011 च्या जनगणनेत 8 कोटी 30 लाख. एक कोटीवाली भाषा जगाला रोबो देते, आणि आपण आपला वामन गोबर गॅसशेजारी ठेवतो.

अरुण साधू घ्या. ‘सिंहासन’ कुणाला माहीत नाही, सिनेमा आला 1979 ला, आजही निवडणूक आली की त्यातले सीन फिरतात. त्याच साधूंनी ‘विप्लवा’ नावाची विज्ञान कादंबरी लिहिली, हे सांगितलं की लोक माझ्याकडं मी थापा मारल्यासारखं बघतात. कॉलेजात असताना एका मित्राची उसनी आणून वाचली, परत द्यावी लागली, त्यानंतर शोधतोय तर जुन्या पुस्तकांच्या दुकानात पण हाती लागली नाही. राजकारण इतकं आतून कळलेला लेखक जेव्हा भविष्याकडं वळतो तेव्हा काय करतो, हा प्रश्न कुठल्याही समीक्षकाला पडायला पाहिजे होता, पण साधूंवर बोलताना सगळे मंत्रालयातच अडकतात.

नारायण धारपांचं तर आणखीच गमतीशीर. भयकथांचा माणूस म्हणून त्यांचं नाव आज परत जोरात आहे, 2018 चा ‘तुंबाड’ त्यांच्या गोष्टीवरून प्रेरणा घेतलेला, त्यामुळं वीस-बावीस वर्षांची पोरं धारप वाचायलीत. त्यांची पुस्तकं आमच्या संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनानं नव्यानं काढली, म्हणजे मराठवाड्यानं काहीच केलं नाही असं नाही, हे आधी कबूल करतो. पण धारपांची ‘नेनचिम’, ‘गोग्रामचा चितार’ ही सायन्स फिक्शन बाजू? भुताच्या सावलीत झाकून गेली. तसंच शुभदा गोगट्यांचं, ‘खंडाळ्याच्या घाटासाठी’ माहीत असणारे भेटतात, ‘यंत्रायणी’ माहीत असणारा मला आजवर एकच भेटला, तो पण रिटायर्ड एसटी कंडक्टर. लक्ष्मण लोंढे आणि चिंतामणी देशमुख या दोघांनी मिळून लिहिलेली ‘देवांसि जिवे मारिले’, एवढं दणदणीत नाव असलेली कादंबरी, आमच्या वाचनालयाच्या यादीत आहे, कपाटात नाही. विचारलं तर म्हणले, जुनी होती, निर्लेखनात गेली. निर्लेखन म्हणजे रद्दी, सरकारी मराठीत.

असं का झालं असंल? लोक सोपं कारण देतात की मराठी माणसाला विज्ञानाचं वावडं आहे. मला हे पटत नाही. सुरुवात तर चांगली झाली होती की. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावानं, स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून, म्हणजे आपलं नाव बघून परीक्षकांनी बक्षीस देऊ नये म्हणून, आणि बक्षीस मिळालंच. पुढच्याच वर्षी कराडच्या संमेलनात दुर्गा भागवतांनी अध्यक्षपदावरून या नव्या वळणाची दखल घेतली. यापेक्षा मोठा पाठिंबा कुठल्या साहित्यप्रकाराला मिळतो? पण पुढं काय झालं की ही मंडळी बहुतेक शास्त्रज्ञ, इंजिनिअर, त्यांचा गोतावळा विज्ञान प्रसाराचा, त्यामुळं विज्ञानकथा म्हणजे साखरेत घोळलेली विज्ञानाची गोळी असं समीकरण पक्कं झालं, आणि ते थोडंफार त्यांनी स्वतःच पक्कं केलं, कारण प्रस्तावनेत लिहायचे की विज्ञान रंजक करून सांगावं हा हेतू. समीक्षकांनी लगेच हात झटकले, बरंय, मग हे आमचं खातं नाही. शाळावाल्यांनी उचललं. आणि एकदा का पुस्तक शाळेच्या बक्षीस समारंभात वाटायच्या ढिगात गेलं की मोठी माणसं ते वाचत नाहीत. विज्ञानकथाकार संमेलनाध्यक्ष व्हायला 2021 चं नाशिक उजाडलं, आणि तब्येतीमुळं नारळीकर तिथं येऊ शकले नाहीत. खुर्ची मिळाली तीही अशी.

तिकडं बंगालकडं बघा. जगदीशचंद्र बोसांनी 1896 ला एक गोष्ट लिहिली, त्यात समुद्रावरचं वादळ डोक्याला लावायच्या तेलाच्या बाटलीनं शांत होतं. ती गोष्ट होती सुद्धा एका केशतेलवाल्यांच्या स्पर्धेसाठी! बंगाली माणूस आज पण ती मिरवतो, तिच्यावर लिहितो. आपण असली गोष्ट असती तर लाजून लपवली असती.

आता आमच्याकडचा नेहमीचा आक्षेप. माझे एक मित्र आहेत, कवी, वयानं मोठे, मी त्यांना दादा म्हणतो. ते म्हणतात, अरे इथं प्यायला पाणी नाही आणि तू अंतराळातल्या गोष्टी काय सांगायलास, आपलं साहित्य म्हणजे दुष्काळ, कर्ज, स्थलांतर. मी म्हणलं, दादा, 2016 चा उन्हाळा आठवा. लातुरात पाणी भरायच्या जागांपाशी 144 कलम लावलं होतं, पाच माणसं एका जागी जमायला बंदी, हंडे घेऊन. आणि मग एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला 5 लाख लिटर, आणि लोक स्टेशनवर ती गाडी बघायला जमले. त्याच्या आदल्या वर्षी औरंगाबादहून विमान उडत होतं ढगांत रसायन फवारायला, कृत्रिम पावसासाठी, आणि आम्ही माना वर करून बघत होतो, खाली सगळ्यांना ज्ञान झालेलं की ढगच नसंल तर विमान काय करणार. हे सगळं 1980 साली कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर दादा तुम्हीच म्हणला असता, काय फेकायलंय. आणि 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, विसर्जनाची रात्र संपत आलेली, पावणेचार नाही चार नाही, किल्लारी. दख्खनचं पठार म्हणजे हलत नाही असं भूगोलाच्या पुस्तकात शिकलेलो आम्ही. मी लहान होतो, अंबाजोगाईत भांडी वाजली ती अजून कानात आहेत.

म्हणजे अशक्य वाटणारी गोष्ट घडती आणि मग तिच्यासोबत रोजचं जगावं लागतं, सायन्स फिक्शन याचंच तर लिखाण आहे. मराठवाड्याएवढा तिचा सराव असलेला प्रदेश दुसरा दाखवा. दादा गप्प बसले, पटलं म्हणून नाही, चहा आला म्हणून.

आणि आता तर हिंगोलीत लायगो होतंय, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा. औंढा नागनाथजवळ, दुधाळ्याकडं. एप्रिल 2023 मध्ये केंद्रानं 2600 कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनातल्या नळ्या, त्यात लेझर, आणि कुठंतरी अब्जावधी प्रकाशवर्षं लांब दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तर इथं लांबीत प्रोटॉनपेक्षाही कितीतरी बारीक फरक पडणार तो मोजायचा. आणि जागा कुठली, तर ज्या औंढ्यात नामदेवांसाठी अख्खं देऊळ फिरलं असं आम्ही पिढ्यान् पिढ्या सांगतो आणि पुरावा म्हणून देवळाच्या मागं असलेला नंदी दाखवतो. अवकाश वाकतं म्हणून सांगायला आइनस्टाइन आला त्याच्या कितीतरी आधी आमच्याकडं देऊळ वळलेलं. यावर एक कादंबरी सुचू नये? यंत्र आलं की जमिनीचे भाव, रात्रीच्या ट्रकची थरथर, शेजारच्या गावातल्या डीजेवर बंदी येणार का याची भांडणं, बाहेरून आलेले शास्त्रज्ञ आणि त्यांना भाड्यानं खोल्या देणारे आपले लोक. ‘कृष्णविवर’ लिहिणारा माणूस गेला आणि कृष्णविवरांची टक्कर ऐकणारं यंत्र आमच्या उंबऱ्यात आलं, मधली पन्नास वर्षं आम्ही ते पुस्तक उघडलं नाही.

आता दुसरी बाजू पण बोलतो, नाहीतर मी एजंट वाटेन. या कादंबऱ्या परत वाचताना बऱ्याच ठिकाणी कंटाळा येतो. पात्रं सगळी एका साच्यातली, डॉक्टर अमुक आणि प्रोफेसर तमुक, बोलतात ती फळ्यावर शिकवल्यासारखी. बाई आली की ती बहुतेक कॉफी घेऊन येती. आणि खेडं? ते नसतंच. यान उतरतं ते मुंबईत, परिषद भरते पुण्यात, पृथ्वी वाचते ती दिल्लीच्या मीटिंगमध्ये, मराठवाडा आलाच तर हवामान खात्याच्या एका वाक्यात. म्हणजे त्यांनी आपल्याला वगळलं, हे खरंय. पण म्हणून आपण त्यांना वगळायचं हा काय हिशेब झाला. दखल घेणं म्हणजे हार घालणं थोडीच आहे, भांडणं सुद्धा दखलच. ग्रामीण कादंबरीवर आपण पन्नास वर्षं भांडलो म्हणून ती सुधारली, विज्ञान कादंबरीशी कुणी भांडलंच नाही.

प्रकाशक म्हणतात खपत नाही. मला त्यांचं दुखणं कळतं, कागदाचे भाव मला पण माहितीयेत. पण न दिसणारी वस्तू खपणार कशी? लिऊ त्सिशिन या चिनी लेखकाची ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’ चीनमध्ये पुस्तक म्हणून 2008 ला आली, इंग्रजीत 2014 ला, आणि 2015 ला ह्यूगो, म्हणजे सायन्स फिक्शनचं मोठं बक्षीस. आता आपली पोरं मोबाईलवर त्याची सिरीज बघतात. मधे कुणीतरी बसून भाषांतर केलं, कुणीतरी छापलं, कुणीतरी दुकानात पुढच्या टेबलावर ठेवलं, एवढीच जादू. आपल्याकडं ई-बुक काढायला तर गोदाम पण लागत नाही. हक्क कुणाकडं आहेत ते वारसांना विचारा, ‘विप्लवा’ आणि ‘यंत्रायणी’ फोनवर येऊ द्या. आमच्या विद्यापीठांनी, संभाजीनगरच्या आणि नांदेडच्या, एमएच्या एका पेपरात एक विज्ञान कादंबरी लावावी, एकच. गाइड निघेल, झेरॉक्स निघेल, मुलं शिव्या देत का होईना वाचतील. आणि सरकारमान्य वाचनालयांना अनुदान मिळतं त्यातून खरेदी होताना दरवेळी तीच तीच व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तकं का येतात हे पण एकदा सभासदांनी उठून विचारायला पाहिजे, सभेला आपण जात नाही हा भाग वेगळा.

मी माझ्यापुरतं एक केलं. ‘वामन’ घरी नेली, बायकोनं वाचली, तिच्या शाळेतल्या एका मॅडमनं वाचली, मग परत करायला गेलो आणि वाचनालयातल्या काकांना म्हणलं, काका, हे पुस्तक विज्ञानात ठेवू नका, कादंबरीत ठेवा. काका चाळीस वर्षं त्या टेबलामागं बसलेले, त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, पुस्तक उलटंपालटं केलं, मग रजिस्टर काढून ‘विज्ञान’वर पेन्सिलनं काट मारली आणि बाजूला बारीक अक्षरात ‘कादंबरी’ लिहिलं. मग कपाटाकडं हात करून म्हणले, लिहिलं बाबा, पण त्या कपाटात जागा कुठंय?